रहिमाबाई बोलली का?

आमच्या पौडला लग्नाच्या मांडवात कुणी उशिरा पोचलं, की धापा टाकत पहिला प्रश्न एकच असायचा, "रहिमाबाई बोलली का?" नाही म्हटलं की हुश्श करून चपला काढायच्या. बोलली म्हटलं की मुकाट्यानं मागं जाऊन उभं राहायचं. कारण रहिमाबाई बोलली की वऱ्हाड खाली बसायचं, आणि एकदा वऱ्हाड बसल्यावर पुढं जागा कुठली! ही रहिमाबाई मरून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. ती बोलायची इमामभाई तांबोळ्यांच्या कर्ण्यातून.

मी इमामभाईंची शेजारीण. बाजारात माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचं लाउडस्पीकरचं, मधे पत्र्याची भिंत. मी सासवडची लेक, लग्न करून पौडला आले तेव्हा नुकतंच एकोणीसशे सत्तर साल लागलं होतं. नवीन नवरी, घरी सासू, दुकानात मशीन, आणि पत्र्यापलीकडं सकाळपासून हा दणदणाट. आठवड्यात माझं डोकं उठलं. गेले तरातरा आणि म्हटलं, "अहो, आवाज जरा कमी करता का? डोकं दुखतंय माझं." इमामभाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, रेकॉर्ड थांबवली आणि माईक तोंडाला लावला. "ऐका हो ऐका! नव्या शिंपीणबाईंचं डोकं दुखतंया. त्या पायी आज पौडात गानं बंद!" छपरावरचा कर्णा पार नदीपर्यंत ऐकू जायचा. सगळा बाजार फिदीफिदी हसला, आणि घरी सासूनं विचारलं, "डोकं कशानं दुखतंय, काही विशेष?" मी दोन दिवस त्यांच्या दुकानाकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर टकटक झाली. जुलेखाभाभी, म्हणजे त्यांची बायको, कपात आल्याचा चहा घेऊन उभ्या. "त्यांनी पाठवलाय. तोंडानं माफी मागत न्हाईत ते, चहानं मागत्यात." तेव्हापासून ते मला वहिनी म्हणायला लागले आणि मी आवाजाला सरावले.

माणूस गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. भारी दिमाख. उंचापुरा, मिशांना पीळ, डोळ्यांत सुरमा, परीटघडीचा पांढरा पायजमा. मांडवात रेकॉर्ड लागली आणि कुणी मोठ्यानं बोललं, की सुई उचलायचे. "बोला, बोला. तुमचं झालं की मी लावतो." पाटील असो नाहीतर मामलेदार. "गानं ऐकायचं तर तोंड मिटा. तोंडच वाजवायचं आसंल तर कर्णा कशाला भाड्यानं आनला?" सदऱ्याच्या खिशात सुयांची पत्र्याची डबी असायची. दर रेकॉर्डला नवी सुई, वापरलेली बाटलीत. मला चिडवायचे, "वहिनी, तुमची सुई मुकी. माझी बगा, गाती."

पुण्याहून नवीन रेकॉर्ड आली की ती शनिवारच्या एस्टीनं यायची. इमामभाई स्टँडवर जाऊन थांबायचे, जावई आणायला गेल्यासारखे. पाकीट छातीशी धरून बाजारातून मिरवत यायचे आणि संध्याकाळी ती छपरावरून वाजायची. शेजारच्या कासार आंबोलीहून बाजाराला आलेली माणसं त्यासाठी मुद्दाम थांबायची. गावाचं पंचांगच ते. "तुझा थोरला कवाचा?" विचारलं की बाया सांगायच्या, "ती झोक्याच्या गाण्याची रेकॉर्ड आलती बघ, तवाचा." रेकॉर्डींची सगळी वंशावळ इमामभाईंना तोंडपाठ, आणि ती ते भाऊबंदकी सांगावी तशी सांगायचे. आधी म्हणे तबकडीला एकच बाजू होती, मागची बाजू नुसती गुळगुळीत. मग दोन्हीकडं गाणी भरायला लागले. "तबकडीला दोन बाजू झाल्या," ते म्हणायचे, "आन त्याच सुमाराला मानसालाबी."

आणि या सगळ्या वंशावळीच्या मुळाशी त्यांची आई. रहिमाबाई त्यांची आई.

ही गोष्ट ते मांडवात कधी सांगत नसत. मला सांगितली ती एका दुपारी, मी तिच्या एकुलत्या तबकडीसाठी लाल मखमलीची पिशवी शिवत होते तेव्हा. रहिमाबाईचे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे आणि पोरगी गायची. ती सोळा-सतरा वर्षांची असेल नसेल, तेव्हा गोरे साहेब मुंबईत मशीन घेऊन आले होते, गाणी भरायला. तेव्हा माईक कुठला? एक मोठा कर्णा भिंतीतून बाहेर आलेला, त्यात तोंड घालून ओरडून गायचं. "सायबानं तिची मान धरली आन कर्ण्यात घातली," इमामभाई सांगायचे, "बैलाला पानी दावावं तशी." गाणं होतं नवरीनं कासाराकडं चुडा मागायचं. ते संपलं की त्या काळी गाणाऱ्यानं आपलं नाव स्वतः सांगायचं असायचं. तबकडी बनायची परदेशात, तिथल्या लोकांना कुठलं गाणं कुणाचं कसं कळावं? म्हणून गाणं संपायचं, थोडी शांतता जायची, आणि मग ती पोर ताठ आवाजात म्हणायची, "मी रहिमा पौडकर!"

तेवढंच एक गाणं. मग तिचं लग्न झालं आणि घरच्यांनी गाणं बंद केलं. तिची रेकॉर्ड पौडच्या जत्रेत वाजली तेव्हा तिनं ती कनातीमागं उभी राहून ऐकली म्हणे, आणि आपलं नाव आलं तसा पदर तोंडात कोंबला. इमामभाई तान्हे असताना ती गेली. फोटो नाही, काही नाही. तबकडीवरचा कागदसुद्धा कसरीनं खाल्लेला, त्यावर एक अक्षर धड नव्हतं. "मला आई म्हाईत हाय ती येवढीच," ते म्हणाले. "तीन मिनटं गाती, आन मग आपलं नाव सांगती. लोकांच्या आया पोरांचं नाव घेऊन हाका मारत्यात. माझी आपलंच नाव सांगती. पर मला तेवढं पुरं हाय."

मी पिशवीला दुहेरी अस्तर लावलं. डोळ्यांना दिसेना म्हणून टाके वाकडे पडले, ते उसवून परत घातले.

तर रिवाज असा होता. लग्नाला इमामभाईंचा कर्णा आला की पहिली ती तबकडी. गाणं चालू असताना लोक उभ्या उभ्या बोलायचे, तेवढी एकच सूट होती. गाणं संपलं की इमामभाई एक बोट वर करायचे. थांबा. सगळा मांडव गप्प. रेकॉर्डची खरखर, मग रहिमाबाई आपलं नाव सांगायची, पोरं तिच्याबरोबर ओरडायची, आणि इमामभाई म्हणायचे, "हां. बसा आता." की वऱ्हाड बसायचं. हा रिवाज कुणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक नाही. कासार आंबोलीला एका बागायतदाराच्या घरी नवऱ्या मुलाच्या पुणेकर मित्रांनी आधी सिनेमाचं गाणं लावा म्हणून हट्ट धरला, तर इमामभाई सरळ आंब्यावर चढून कर्णा सोडायला लागले. मुलाची आजी काठी टेकत आली आणि खालून ओरडली, "उतर रं बाबा! आदी तुज्या आईला बोलू दे, मग ही पोरं बोंबलू देत." असला मान होता. हिंदूंच्या लग्नात, मुसलमानांच्या लग्नात, सगळीकडं.

आता शेडगे मास्तर. यांच्याबद्दल लिहिताना माझ्या तोंडात वाईट शब्द येतात, ते गिळून लिहिते.

मास्तर जवळच्या माण गावचे, शाळेत शिकवायचे, पेटी वाजवायचे आणि भावगीतं गायचे. आवाज बरा होता, खोटं कशाला बोलू? दर रविवारी दुपारी ते इमामभाईंच्या दुकानात येऊन बसायचे. एक रेकॉर्ड, एक चहा, मग दुसरी रेकॉर्ड. वर्षानुवर्षं. भाभी त्यांच्यासाठी शिरखुर्म्याचा वाडगा वेगळा काढून ठेवायच्या. त्यांच्या लग्नात रहिमाबाई बोलली होती, त्यांच्या भावांच्या लग्नांत बोलली होती. एकच खंत होती त्यांना. "भाई, आपलं नाव कुटल्या तबकडीवर लागलं न्हाई बगा," म्हणायचे. इमामभाई पाठीवर थाप मारायचे. "लागंल की! तुमची रेकॉर्ड आली की मी मांडवात आईच्या पाठोपाठ लावीन."

मग ते कॅसेटींचे दिवस आले. पानाच्या टपरीवरसुद्धा टेप वाजायला लागला. एका रविवारी मास्तर म्हणाले, "भाई, ही तबकडी तुमी किती लग्नांत लावली? दर खेपंला सुई थोडा आवाज खरवडती. एक दिस आई ऐकूच यायची न्हाई."

पत्र्याअलीकडं माझं मशीन थांबलं. त्यानंतर दोन लग्नांत मी बघितलं, इमामभाई सुई ठेवायचे, उचलायचे, फुंकर मारून पुन्हा ठेवायचे. लोकांच्या लग्नापायी आपण आपल्या आईला किसून काढतोय, हे त्या माणसाच्या मनात बसलं ते बसलं. शेवटी त्यांनी स्वतःच मास्तरांना बोलावलं. मुंबईत मास्तरांच्या ओळखीचे एक बडे संग्राहक होते, जुन्या तबकड्या जमवून कॅसेटी काढणारे, त्यांच्याकडून टेप करून आणायचं ठरलं. इमामभाईंनी तबकडी मखमलीच्या पिशवीत घातली, वर टॉवेल, वर पत्र्याचा डबा. आणि मास्तरांना बजावलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "गानं संपल्यावर लगी बंद करू देऊ नका. मदी गप बसती ती. मग बोलती."

"मला सांगताय व्हय भाई?" मास्तर हसले. "माझ्या लग्नात बोललीया ती."

परत आले ते पावसाळा संपल्यावर. दुपारची वेळ, मी काजं करत होते. मास्तरांच्या एका हातात नवी कॅसेट होती आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी. चार घड्या घातलेली.

"पिशवी रिकामी का?" इमामभाई म्हणाले.

"तबकडी त्यांच्याकडंच ठिवलीया, भाई. काचंची कपाटं हायेत त्यांची. सुरक्षित ऱ्हाईल."

"आन माझ्याकडं काय उंदीर खात व्हते तिला?"

"आवो, आता क्यासेट हाय की! ही झिजत न्हाई. ऐका तर."

मी उठून तिकडं गेले. भाभीही आतून दारात आल्या. कॅसेट लागली. रहिमाबाई गायली, खरखर बरीच काढलेली, आवाज असा स्वच्छ की इमामभाईंचा चेहराच बदलला. गाणं संपलं. त्यांनी बोट वर केलं. आणि एक पुरुषी आवाज आला, "आता ऐका, मुळशीचे सुप्रसिद्ध गायक श्रीयुत शेडगे यांचं भावगीत."

"मागं घ्या," इमामभाई म्हणाले. त्यांना वाटलं, फीत अडकली. मागं घेतली. पुन्हा तेच. पुन्हा मागं घेतली.

"मास्तर, तिचं बोलनं कुटं हाय?"

मास्तर कॅसेटच्या डबीशी चाळा करत म्हणाले, "ती आरोळी काढली त्यांनी. गान्याची मजा जाती म्हनले."

"आन तुमी काय म्हनला?"

"मी काय म्हननार? ते मोठे लोक. त्या येका गोष्टीवर आडून बसलो आसतो तर माझी गानी बी ऱ्हायली आसती, भाई."

मी डबी हातात घेतली. वर मास्तरांचा पेटीसह फोटो. आत बारीक अक्षरात गाणी. मी वाचलं, "चुड्याचं गाणं. गायिका अज्ञात."

"अज्ञात मंजी?" भाभींनी विचारलं.

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

भाभी मास्तरांकडं बघतच राहिल्या. "मास्तरला म्हाईत न्हाई?"

मास्तर उठले. चहा तसाच राहिला. इमामभाई, ज्यांनी मामलेदाराला गप्प बसवलं होतं, ते पिशवीच्या घड्या उलगडत बसले. मीच बोलले, आणि जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

पुढच्याच आठवड्यात इमामभाई पिशवी घेऊन मुंबईला गेले. संग्राहकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, ती तबकडी तर शेडग्यांनी आपल्या घरातली म्हणून आम्हाला भेट दिली, तुम्ही कोण? इमामभाई म्हणाले, मी तिचा पोरगा, लावून बघा, शेवटी ती नाव सांगती. त्यावर ते गृहस्थ अगदी प्रेमानं म्हणाले, "जुन्या तबकड्या आम्ही आता लावत नाही. झिजतात." हे मला सांगताना इमामभाई हसले. तसलं हसू मला पुन्हा कधी बघायचं नाही. आपल्या घरातली! शेजारची कोंबडी चोरणारासुद्धा मान खाली घालून जातो. या माणसानं मित्राची आई उचलून दिली आणि वर स्वतःचा फोटो छापून आणला.

आणि गाव? गावानं कॅसेट विकत घेतली. आमच्या मुळशी तालुक्याचं गाणं मुंबईत छापलं म्हणून मास्तरांचा शाळेत सत्कार झाला. इमामभाईंनी दोघाचौघांना सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "जाऊ द्या ना भाई. गानं तर हाय ना?"

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं, माणला. मास्तरांच्या आईनंच धरणं धरलं, रहिमाबाई बोलल्याबिगर नातीला अक्षता पडायच्या नाहीत. मास्तर इमामभाईंच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मी भाभींना म्हटलं, दार लावून घ्या. इमामभाई म्हणाले, "येतो. माझी आई कुनाच्या लग्नाला न्हाई म्हनलेली न्हाई."

आम्ही दोघीही गेलो. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळेना, म्हणून जीव टांगणीला. कर्णा चढला, कॅसेट लागली, चुड्याचं गाणं झालं. बोट वर गेलं. सवयीनं मांडव गप्प झाला, पोरांनी ओरडायला तोंडं उघडली. त्या क्षणी इमामभाईंनी कॅसेट बंद केली, माईक तोंडाशी धरला आणि तिच्याच सुरात, तिच्यासारखी मान ताठ करून म्हणाले,

"मी रहिमा पौडकर!"

आधी एक पोरगं खिदळलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, रहिमाबाईला मिशा फुटल्या!" आणि सगळा मांडव हसला. बाप्ये हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, हट्ट धरून बसलेली ती म्हातारीही हसली. मास्तर बोहल्याशी नारळ घेऊन उभे होते. ते आधी दचकले, मग सगळे हसतायत म्हटल्यावर सुटल्यासारखे मोठ्यानं हसले. हसत हसतच वऱ्हाड खाली बसलं. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ती बोलली होती, ते सगळे त्या हसणाऱ्यांत होते. मला वाटलं, उठून एकेकाच्या थोबाडीत द्यावी. भाभींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

इमामभाईंनी मंगलाष्टकांसाठी माईक भटजींच्या हातात दिला, आवाज नीट लावून दिला, शेवटपर्यंत थांबले. मग कर्णा उतरवला. तो परत कुठल्या मांडवात चढला नाही. माणच्या पोरांनी नव्या स्पीकरच्या पेट्यांचा साउंड काढला आणि सगळ्यांना तोच आवडायला लागला. इमामभाईंचा कर्णा परसात पालथा पडला. भाभी त्याखाली कोंबडीची पिल्लं झाकायच्या. सुरमा गेला, मिशांचा पीळ गेला. पत्र्यापलीकडं आवाज नाही म्हणून आता माझं डोकं दुखायला लागलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते असंच एका संध्याकाळी. दुखण्यातून उठून पायरीवर बसले होते, अंगावर शाल. बाजारातून वरात चालली होती, टेम्पोवर नव्या पेट्या, आणि त्यातून चुड्याचं गाणं. पोरं नाचत होती. वरात आमच्या दुकानांसमोर आली आणि गाणं संपलं. इमामभाईंनी बोट वर केलं.

कुणी बघितलं नाही. "आता ऐका, मुळशीचे सुप्रसिद्ध गायक" सुरू झालं, वरात पुढं सरकली, आणि त्यांचं बोट तसंच वर राहिलं. मला ते बघवेना. मी मशीन सोडून दारात आले आणि म्हटलं, "रहिमा पौडकर!"

त्यांनी मान वळवली. "'मी' ऱ्हायलं, वहिनी," म्हणाले. "ती आदी 'मी' म्हनती."

मी पदर खोचला, मान ताठ केली आणि भर बाजारात, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "मी रहिमा पौडकर!" वरातीतल्या चार बाया वळून बघायला लागल्या. बघू देत मेल्या.

इमामभाईंनी बोट खाली घेतलं.

"हां," ते म्हणाले. "बसा आता."